एक माणूस, एक खाते

खेड्यातल्या लहानशा चर्चचा इतिहास लिहायचा म्हटला की कोनशिला, घंटा आणि कुणा परदेशी पाद्र्याचा फोटो एवढ्यावर आपले भागते. माझी हयात बँकेत गेली, त्यामुळे कोनशिलेपेक्षा वह्यांवर माझा विश्वास अधिक. आणि वह्यांच्या बाबतीत कॅथलिक धर्मगुरू मोठे काटेकोर. बाप्तिस्मा व लग्न यांची नोंदवही ठेवण्याची सक्ती ट्रेंटच्या धर्मसभेने 1563 सालीच केली होती. बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात पुढे त्या माणसाचे लग्नही चढते. आमच्या भाषेत ही खतावणीच. आपल्या सरकारने जन्मनोंद देशभर सक्तीची केली ती 1969 च्या कायद्याने!

आमचा गोंदिया जिल्हा 1999 साली भंडाऱ्यातून निघाला. तो ज्या नागपूर धर्मप्रांतात येतो, तो मात्र 1887 चा. याच नागपूर मिशनचे फ्रेंच धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थेट निजामाच्या मुलखात, औरंगाबाद जिल्ह्यातल्या घोगरगावला पोचले. फादर गुरियन जाकिए हे त्यांतले ठळक नाव. बाप्तिस्मा घेणारे बहुतेक गावकुसाबाहेरचे, महार आणि मांग. गाव ज्याला अरेतुरे करी, त्याच्या मुलाचे नाव चर्चच्या वहीत आईबापांच्या नावांसह लिहिले जाऊ लागले. (आईचे नाव सरकारी कागदावर बंधनकारक करायला महाराष्ट्राला 2024 उजाडावे लागले.)

पण हीच नोंद पुढे महागात पडली. 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. अनुसूचित जमातींना ही धर्माची अट नाही. म्हणजे देवरी-सालेकशाकडचा एखादा गोंड ख्रिस्ती झाला तरी त्याचा दाखला कायम. महार झाला की गेला. एकाच आजोबांचे दोन नातू घ्या. एकाच्या बापाने नागपुरात 1956 साली दीक्षा घेतली, दुसऱ्याच्या बापाने बाप्तिस्मा. वस्ती एक, गावाची नजर एक, दाखले दोन. नोव्हेंबर 2024 मध्ये पुदुच्चेरीच्या एका महिलेचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. तिथे बाप्तिस्म्याची नोंदच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरली.

धर्म बदलल्याने जात सुटते, हे गृहीतक ज्या कुणाचे असेल त्याने एकदा खेड्यात भाड्याने खोली शोधून पाहावी. ही अट जायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती आहे तोवर आपल्या घराण्याचा इतिहास उघडपणे सांगायला माणसे कचरणारच, आणि मग आपण म्हणणार, यांचा इतिहासच उपलब्ध नाही!

दरम्यान वह्या जीर्ण होत आहेत. जुन्या लॅटिन नोंदी वाचू शकणारी माणसेही आता थोडी. आपल्याकडच्या विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी धर्मप्रांतांची परवानगी घेऊन या नोंदी मराठीत उतरवून घ्याव्यात. हयात माणसांची नावे तेवढी झाकून ठेवावीत.