छप्पर मिळाले, मनाचे काय?

१९५९ च्या मार्चमध्ये ल्हासातील चिनी सत्तेविरुद्धचा उठाव चिरडला गेला आणि दलाई लामांच्या मागोमाग हजारो तिबेटी हिमालय ओलांडून भारतात आले. अनेकांनी सुरुवातीची वर्षे डोंगरांतल्या रस्त्यांच्या कामावर काढली. १९७२ मध्ये त्यांच्यातल्या काही कुटुंबांची वसाहत प्रतापगड-गोठणगाव परिसरात उभी राहिली. तेव्हाच्या भंडारा आणि आजच्या गोंदिया जिल्ह्यातली ही नोर्ग्येलिंग वसाहत. थंड पठारावरची माणसे झाडीपट्टीच्या उन्हात धान पिकवायला शिकली, हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकू लागली.

सरकारी भाषेत पुनर्वसन इथे पूर्ण झाले. पण मागे राहिलेले आईवडील आणि वाटेत दगावलेले सोबती यांचे दुःख कोणत्याही सातबाऱ्यावर चढत नाही. ते या समाजाने मठ, प्रार्थना, शेजार आणि स्वतःचे वैद्यक यांच्या आधारावर पेलले. तिबेटी वैद्यक मनाची अस्वस्थता ‘लुंग’ म्हणजे वायूच्या बिघाडाशी जोडते. छातीत धडधडते, झोप लागत नाही, जीव घाबरा होतो, अशी तक्रार रुग्ण सांगतो. केवळ हृदय तपासून ‘काही नाही’ म्हणणारा डॉक्टर त्याचे अर्धेच ऐकतो. तीव्र नैराश्य केवळ जपावर सोपवणेही तितकेच धोक्याचे.

भारत सरकारने २०१० मध्ये सोवा-रिग्पा या तिबेटी वैद्यकाला कायदेशीर मान्यता दिली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने धर्म वा संस्कृतीवरून भेद न करता प्रत्येक व्यक्तीला उपचाराचा हक्क दिला. त्यात नागरिकत्वाची अट नाही. मग जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने वसाहतीतल्याच तरुण-तरुणींना समुपदेशनाचे प्रशिक्षण द्यावे, मानसोपचारतज्ज्ञांनी तिबेटी वैद्य आणि भिक्खूंशी संवाद ठेवावा, गंभीर रुग्ण कधी पाठवायचा हे दोघांनी मिळून ठरवावे. पूर्व बंगालमधून येऊन या वसाहतीच्याच तालुक्यात वसलेल्या बंगाली कुटुंबांसाठी हेच काम त्यांच्या भाषेत व्हावे.

तिबेटी तरुण शिक्षणासाठी, नोकरीसाठी बाहेर पडत आहेत. ज्या शेजाराने दुःख पेलले तो विरळ होतो आहे. १९५९ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज पंचाहत्तरी ओलांडून गेले आहे. त्याला स्वतःच्या भाषेत मन मोकळे करता यावे, ही व्यवस्था त्याच्या हयातीतच व्हायला हवी.