गाडी कोणती घ्यावी?

आमच्या वर्गापुढे यंदा दोन मोठे प्रश्न होते. पहिला, सत्र परीक्षा वेळेवर होतील की नाही. आणि दुसरा, बीएमडब्ल्यूची एम-४ चांगली, ऑडीची आरएस-५ चांगली, की मर्सिडीज-एएमजीची सी-६३ कूपे चांगली? पहिल्या प्रश्नाबद्दल कोणाचा मतभेद नव्हता. दुसऱ्यावरून मात्र सायकल स्टँडजवळच्या कडुनिंबाखाली तीन पक्ष पडले आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ते एकमेकांशी धड बोलत नव्हते.

मी एएमजीच्या पक्षाचा. एक दिवस वाद रंगात आला असताना समोरच्या पक्षातला एक मित्र म्हणाला, "तुह्या बापाची ऑटो, अन् तू मर्सिडीज निवडून राह्यला काय बे?" सगळे हसले. मीही हसलो. पण राजापेठेतल्या घरी पोचेपर्यंत ते वाक्य माझ्या पाठोपाठ आले. दुसऱ्या दिवशी आमच्या एका सरांनी हाच वाद ऐकून सांगितले, की ज्या वस्तू आपल्याला कधी घ्यायच्या नाहीत त्यांच्यावर तरुणांनी वेळ घालवू नये. मित्राचे आणि सरांचे म्हणणे तसे एकच होते. मला दोघांशीही मतभेद नोंदवायचा आहे, म्हणून हा लेख.

आधी ज्यांना या गाड्यांचे वेड नाही, त्यांच्यासाठी थोडेसे. 'कूपे' हा शब्द फ्रेंच आहे. त्याचा अर्थ कापलेली. मोठ्या घोडागाडीची एक बाजूची आसने कापून जी दोन माणसांची आटोपशीर बग्गी केली, ती कूपे. आपल्या वडीलधाऱ्यांना रेल्वेच्या पहिल्या वर्गातला दोन बर्थचा कूपे ठाऊक असेल. तो याच शब्दाचा भाऊ. मोटारीत कूपे म्हणजे दोन दारांची, मागे उतरत्या छपराची गाडी. आमच्या भांडणातल्या तिन्ही कूपे जर्मन. एम-४ हे नाव २०१४ साली आले. तीन लिटरचे, एका रांगेत सहा सिलिंडरचे इंजिन. २०२२ मध्ये भारतात आलेल्या गाडीची ताकद ५१० अश्वशक्ती आणि किंमत सुमारे १ कोटी ४४ लाख. आरएस-५ पहिल्यांदा २०१० साली निघाली. तिचे जोर देणारे वैशिष्ट्य असे, की इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते. २०१८ मध्ये ती सहा सिलिंडर आणि ४५० अश्वशक्ती घेऊन १ कोटी १० लाखांना इथे आली. आणि आमची सी-६३! चार लिटर, आठ सिलिंडर, २०२० मध्ये १ कोटी ३३ लाख. गंमत अशी, की यातल्या दोन गाड्यांचे उत्पादन आता थांबले आहे. मर्सिडीजने सी-क्लासची कूपे बंद करून २०२३ साली सीएलई आणली, आणि ऑडीनेही नव्या पिढीत दोन दारांची गाडी ठेवली नाही. गाड्या संपल्या, भांडण मात्र शिल्लक राहिले!

हे सर्व मला तोंडपाठ होते. त्याचा मला अभिमानही होता. आणि तो अभिमान ज्या दिवशी उतरला, त्या दिवसाची हकिकत आता सांगतो.

माझे वडील सोळा वर्षांपासून ऑटो चालवतात. राजापेठ ते बडनेरा, राजापेठ ते राजकमल, आणि सवारी मिळेल तिकडे. गेल्या पावसाळ्यात जुनी ऑटो फारच कुरकुरू लागली; दुरुस्तीचा खर्च कमाई खाऊ लागला. नवी घेणे भाग होते. एका रात्री जेवण झाल्यावर वडिलांनी माझ्यापुढे दोन छापील पत्रके ठेवली. एक पेट्रोलच्या ऑटोचे, एक बॅटरीच्या. म्हणाले, "तू तं शिकलेला हायेस. सांग, कोणती घेऊ?"

मला सांगता आले नाही. मी जर्मनीतल्या तीन गाड्यांची अश्वशक्ती सांगू शकत होतो. पण आमच्या घराचे पोट जिच्यावर आहे ती ऑटो एका लिटरमध्ये किती चालते, हे मला ठाऊक नव्हते. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला मी पहिला. वडिलांनी त्या एका प्रश्नासाठीच जणू मला शिकवले होते, आणि मी गप्प बसलो होतो. मित्राच्या टोमण्याने लागले नव्हते इतके ते मला लागले.

मग मीच त्यांना विचारले, "बाबा, पहिली ऑटो घेतली तवा तुम्ही कसं ठरवलं?" ते म्हणाले, चार गोष्टी पाहिल्या. रस्ता कोणता, चालवणार कोण, बिघडली तर जायचे कुठे, आणि पैसा कोणाचा. बस. मला त्या चार प्रश्नांत आमच्या कडुनिंबाखालच्या चार महिन्यांच्या वादापेक्षा अधिक शहाणपण दिसले. म्हणून तेच प्रश्न मी आधी त्या कूपेंना लावून पाहिले.

रस्ता कोणता? आपल्या भागात आता रस्ता नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. तो आपल्या जिल्ह्यातूनच जातो. पण समृद्धीवर मोटारीला वेगाची मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे, आणि या कूपेंचा वेग कारखान्यातच साधारण २५० वर अडवलेला असतो. म्हणजे निम्म्याहून अधिक गाडी आपण घरातच ठेवून निघायचे. आणि त्या महामार्गावर माझ्या वडिलांच्या ऑटोला तर प्रवेशच नाही. तीनचाकीला तिथे बंदी आहे. सुरक्षेच्या दृष्टीने ती योग्यच असेल. मात्र आमच्या ऑटोचा रस्ता राजापेठेतलाच, हे त्यामुळे पक्के झाले. तिथे कूपे आणून पाहावी! या गाड्यांचे पोट जमिनीपासून वीतभरही उंच नसते. आपल्या गल्लीतले गतिरोधक त्यांना सातपुड्यासारखे वाटतील.

चालवणार कोण? हा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नव्हता. जणू गाडी स्वतःच धावते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव पोर्शेच्या धडकेने दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते ठार झाले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. कोटींच्या घरातल्या त्या गाडीची कायम नोंदणी १,७५८ रुपयांचे शुल्क न भरल्यामुळे राहिली होती. त्या मुलाला प्रथम जामीन देताना अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, आणि देशभर संताप उसळल्यावर तीन दिवसांत त्याला निरीक्षणगृहात पाठवण्यात आले. मी हा मजकूर लिहीत असताना शब्द मोजतो आहे, आणि ३०० शब्द किती थोडे असतात ते मला कळते आहे. माझ्या वडिलांना परवाना, बिल्ला, योग्यता प्रमाणपत्र आणि विमा, यांतला एक कागद कमी असला तर चौकात उभे राहावे लागते. ते बरोबरच आहे. पण मग सर्वांनाच उभे राहावे लागले पाहिजे.

बिघडली तर जायचे कुठे? कूपे बिघडली तर नागपूर, म्हणजे दीडशे किलोमीटर. तेही तिला दुसऱ्या वाहनावर लादून! ऑटो बिघडली तर पुलाच्या अलीकडचा मिस्त्री.

आणि शेवटचा प्रश्न, पैसा कोणाचा? इथे मी फार दूर न जाता मराठवाड्यात जातो. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजकांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज गाड्या एकदम घेतल्या. किंमत ६५ कोटी. त्याच वर्षी पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिले, की या खरेदीसाठी सार्वजनिक बँकेने चाळीस कोटींहून अधिक कर्ज सात टक्क्यांच्या दराने दिले, आणि त्याच भागातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी बारा टक्क्यांच्या घरात मोजावे लागत होते. ज्या उद्योजकांनी गाड्या घेतल्या त्यांनी काही गुन्हा केला असे मी म्हणत नाही. उलट मला त्यांचे एक कौतुक वाटते : ते एकत्र गेले, त्यांनी भाव केला, दर विचारला. ट्रॅक्टरवाला एकटा गेला आणि त्याने सांगितले तिथे अंगठा दिला. त्याच शहराजवळ वाळूजला ऑटो तयार होतात आणि शेंद्र्याला ऑडीच्या गाड्या जुळवल्या जातात. एका गावच्या दोन गाड्या. पण त्या घेणाऱ्या दोन माणसांना पैसा मात्र एका भावाने मिळत नाही.

हे कळल्यावर मी वडिलांसोबत कर्ज देणाऱ्या एका कार्यालयात गेलो. तिथल्या माणसाने सांगितले, "दोन लाखांवर फक्त दहा टक्के, तीन वर्षे." वडील मान डोलावू लागले. मी कागद मागितला. हप्ता होता ७,२२२ रुपये. म्हणजे व्याज तीन वर्षे पूर्ण दोन लाखांवर लागत होते. आपण दर महिन्याला मुद्दल फेडत जातो, ते हिशेबातच नव्हते. घटत्या शिल्लकेवर हिशेब केला तर हा दर अठराच्या आसपास जातो. अर्थशास्त्राच्या तासाला शिकलेले एवढे गणित आयुष्यात पहिल्यांदा माझ्या उपयोगी पडले. आम्ही तिथून उठलो. दुसरीकडे, घटत्या शिल्लकेवरचा बाराचा दर मिळाला.

मग गाडी ठरली. जुनी ऑटो दिवसाला तीन लिटर पेट्रोल खात होती, आणि पेट्रोल शंभराच्या वर. बॅटरीच्या ऑटोला तेवढ्याच नव्वद किलोमीटरला आठ-नऊ युनिट वीज पुरते. रोजचे सुमारे दोनशे रुपये वाचतात. अडचण एकच होती : आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो, मीटर घरमालकांच्या नावाचा. त्यांना हिशेब मांडून दाखवला, वेगळा सबमीटर बसवायची परवानगी मागितली; दोन दिवसांनी त्यांनी होकार दिला. दसऱ्याला नव्या ऑटोला हार घातला. आईने चाकाखाली लिंबू ठेवले. या लेखातल्या सर्व अश्वशक्तींपेक्षा त्या लिंबाचा आवाज मला मोठा वाटला.

आता सरांना माझे नम्र सांगणे. कडुनिंबाखालचा वाद अगदीच वाया गेला नाही. दोन वस्तू समोरासमोर ठेवून एकेक गुण तपासण्याची सवय मला त्या वादाने लावली. नाहीतर त्या कार्यालयात कागद मागण्याचे धाडस मला झाले नसते. आमची चूक कूपेंविषयी बोलण्यात नव्हती. जी वस्तू कधी घेणार नाही तिच्याविषयी सर्व विचारायचे आणि जी घेणार तिच्याविषयी काहीच विचारायचे नाही, यात होती. मोबाइल, मोटारसायकल, शिकवणी वर्ग, बहिणीच्या लग्नाचे कर्ज, या सर्वांना आपल्या घरांतून "साहेब म्हणतील तसं" हेच उत्तर जाते. पहिल्या पिढीच्या पदवीधराचे काम तिथे आहे.

आणि माझ्या त्या मित्राला सांगायचे ते असे, की मी अजूनही मर्सिडीजच निवडतो. ज्याला घेता येत नाही त्याने मत देऊ नये, हे मला मान्य नाही. तसे असते तर निम्म्या देशाला कशावरच मत देता आले नसते. माझे कारण मात्र आता बदलले आहे. सी-६३ चे ते आठ सिलिंडरचे इंजिन एकच कारागीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जुळवतो आणि त्यावर त्याच्या सहीची पट्टी बसवली जाते. गाडी कोट्यधीशाची, पण झाकण उघडले की नाव कामगाराचे! हे मी वडिलांना सांगितले. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "मंग आपल्या मिस्त्रीचं नाव कुठं लिवलं हाये?"

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. कडुनिंबाखाली पुढचा वाद यावर व्हावा, अशी माझी सूचना आहे.

— बी. ए. भाग २