नळी साफ केली? मग कागद दाखवा!

मंडळी, या शनिवारचा विषय कॉम्प्युटरपासून जरा लांबचा आहे. बारा बोअरची बंदूक.

खंडेनवमीला आपल्याकडे बंदुकीला हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल वाहिलं जातं. नांदेडला हुजूर साहिबमध्ये तर दरवर्षी दिवाळीच्या सुमारास तख्त स्नान असतं. गोदावरीचं पाणी आणून तख्त धुतलं जातं, तिथली जुनी शस्त्रंही साफ होतात. म्हणजे हत्यार स्वच्छ ठेवायची परंपरा आपल्याला नवी नाही. पण नांदेड-लातूरकडच्या परवान्याच्या बंदुकांचं काय? शेतकऱ्याच्या घरातली, बँकेच्या दारातल्या माजी सैनिकाच्या खांद्यावरची. कुंकू बाहेरून लागतं, नळीत कोण डोकावतं?

आधी थोडी थिअरी. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर एका गोळीचा जो व्यास तो बारा बोअर, साधारण साडेअठरा मिलिमीटर. या नळीला रायफलसारखे आटे नसतात, आतून ती गुळगुळीत. तोंडाशी ती किंचित आवळलेली असते, त्याला चोक म्हणतात. छर्रे किती पसरणार हे बरंचसं तिथे ठरतं. मोजायची पद्धत जुनीच आहे: ४० यार्डांवर मोठा कागद लावायचा, एक बार काढायचा, जिथे भोकं दाट तिथे ३० इंचांचं वर्तुळ आखायचं आणि भोकं मोजायची. फुल चोकला साधारण ७० टक्के छर्रे वर्तुळात यावेत, हाफ चोकला ६०, चोक नसलेल्या नळीला ४०. याला म्हणतात पॅटर्न.

आता साफसफाई. नळीत तीन गोष्टी साचतात: दारूची काजळी, शिशाचा थर आणि काडतुसातल्या प्लॅस्टिक वॅडचा चिकट पापुद्रा. जास्त करून चेंबरच्या पुढे नळी निमुळती होते तिथे आणि चोकमध्ये. त्यामुळे गजाला तेलाची चिंधी बांधून एकदा आरपार ओढली की झालं, असं नसतं. आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे बघायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची. "साफ करताना बार उडाला" या बातम्या आपण पेपरात काय कमी वाचतो? मग सॉल्व्हंट लावून थोडा वेळ थांबायचं, ब्राँझचा ब्रश चालवायचा, चिंधी कोरी निघेपर्यंत पुसायचं आणि नळी उजेडाकडे धरून बघायची. शेवटी तेलाचा पातळ हात. बार काढायच्या आधी तेही पुसून टाकायचं. पॉलिश पेपर मात्र अजिबात नको, त्याने चोकच झिजतो. आणि हात साबणाने धुवा, शिसं पोटात जाणं वाईट.

आता मुद्द्याचं. एवढं केल्यावर पॅटर्न सुधारतो का? माझं मत: कधी कधी. चोकमध्ये खरंच थर बसला असेल तर फरक पडू शकतो, नसेल तर घासून काही मिळत नाही. "नळी साफ केली, आता बघा कशी मारते" असं सांगणाऱ्याने बहुतेक वेळा एकच बार काढलेला असतो. एकाच डब्यातली दोन काडतुसं एकाच नळीतून मारली तरी भोकांची संख्या वेगळी येते. आम्ही प्रोग्रामर लोक कोड फास्ट झाला म्हणतो तेव्हा आधीचे आणि नंतरचे आकडे विचारतात. इथेही तेच. साफ करण्याआधी पाच, नंतर पाच, काडतूस तेच, अंतर तेच. मग बोला.

हे शौकिनांचं खूळ वाटेल, पण नाही. किनवट-माहूरच्या रानाकडे डुकरं पीक लोळवतात. वन खात्याची परवानगी हातात असलेल्या शेतकऱ्याच्या एसजी काडतुसात जेमतेम आठ-नऊ मोठे छर्रे. त्यातले दोनच लागले तर जनावर मरत नाही, जखमी होऊन ज्वारीत शिरतं, आणि सकाळी त्याच ज्वारीत माणसं कामाला जातात. बँकेच्या दारात तर समोर रांगच असते.

वर आपल्याकडे निवडणूक आली की छाननी समिती सांगेल त्यांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही झाल्या. आठवडेच्या आठवडे बंद पडलेल्या नळीत गंज चढतो, क्वचित कुंभारमाशी मातीचं घरही करते. तशा नळीतून बार काढला तर ती फुटू शकते. गंजाचा खड्डा तर कुठल्याच ब्रशने भरून येत नाही.

परवाना आता पाच वर्षांचा असतो. २०१६ च्या नियमांनी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही आणलं, चांगलं झालं. पण कागदपत्रं बघतात ती माणसाची. माझं म्हणणं एवढंच, की नूतनीकरणाच्या वेळी जिल्हा पोलिसांच्या फायरिंग रेंजवर एक दिवस ठेवा. आर्मररने नळीत उजेड टाकून बघावं, ठीक असेल तर प्रत्येक नळीतून कागदावर बार काढून घ्यावेत आणि तो कागद फाईलला लावावा. खर्च काडतुसांचा आणि वर्तमानपत्राच्या रद्दीचा. बंदूकवाल्यालाही कळेल, आपली नळी किती अंतरापर्यंत भरवशाची आहे.

तोवर, तुमच्या ओळखीत कोणाकडे बारा बोअर असेल तर एवढंच विचारा: साफ केली म्हणता, मग कागद कुठाय? :)