तीन दिवसांचे पीटर्सबर्ग

मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग मिळून आठवड्याभरात रशिया उरकून देणाऱ्या सहलींची पत्रके हल्ली आपल्या सुशिक्षित घरांत लग्नपत्रिकांच्या बरोबरीने येऊन पडू लागली आहेत. त्यांत पीटर्सबर्गच्या वाट्यास येणारे तीन दिवस कसे घालवायचे असतात, हे एकदा वाचून पाहण्यासारखे आहे. पहिल्या दिवशी हर्मिटेज. दुसऱ्या दिवशी सकाळी पीटरहॉफची कारंजी व दुपारी त्सारस्कोये सेलो येथील महाल. तिसऱ्या दिवशी किल्ला, दोन-तीन चर्चे, नौकाविहार आणि ‘खरेदीसाठी मोकळा वेळ’. जेवण अर्थातच भारतीय. त्याचा उल्लेख मात्र ठळक टाइपात असतो. या कार्यक्रमात काय राहून गेले असे कोणी विचारले, तर एका शब्दात उत्तर देता येईल: शहर.

आमचा आक्षेप घाईवर नाही. नोकरदार माणसास रजा मिळते ती मोजून मिळते, आणि तीन दिवसांत एखाद्या शहराची ओळख होणारच नाही असे म्हणणे हा निव्वळ पंडिती अहंकार होय. आक्षेप आहे तो निवडीवर. वेळ थोडा असला म्हणजे बऱ्याच गोष्टी गाळाव्या लागतात, आणि काय गाळले यावरून गाळणाऱ्याची दृष्टी समजते. या पत्रकांची दृष्टी झारच्या खजिनदाराची आहे. जेथे सोने असेल तेथे मोटार थांबते. जेथे माणसे राहिली, झिजली आणि मेली, तेथून ती वेगाने पुढे जाते.

बरे, हे सोने तरी नीट दाखविले जाते काय? पीटरहॉफ शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. सप्टेंबर १९४१ पासून जानेवारी १९४४ पर्यंत ते जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. मोठा महाल जळून नुसत्या भिंती उरल्या, आणि कारंजांच्या मधोमध उभा असलेला सॅमसनचा सोनेरी पुतळा नाहीसा झाला. आज दिसतो तो १९४७ साली बसविलेला नवा पुतळा. त्सारस्कोये सेलोचे सुप्रसिद्ध अंबरदालन असेच लुटले गेले. आजचे दालन २००३ साली पुरे झाले. म्हणजे आपण अठराव्या शतकातील राजवैभव म्हणून ज्याकडे डोळे विस्फारून पाहतो, त्यातील पुष्कळसे युद्धोत्तर काळातील गवंड्यांच्या, सुतारांच्या आणि मुलामा देणाऱ्या कारागिरांच्या हातचे आहे. त्या कारागिरांची गोष्ट कोणत्याही राणीच्या गोष्टीहून अधिक ऐकण्याजोगी आहे. पण ती सांगू लागले की मूळ नाश कोणी व कसा केला हे सांगणे ओघाने येते, आणि तेवढ्यास वेळापत्रकात जागा नसते.

८ सप्टेंबर १९४१ रोजी लेनिनग्राडकडे (१९२४ पासून १९९१ पर्यंत या शहराचे हे नाव होते) जाणारा जमिनीवरचा शेवटचा मार्ग जर्मनांनी तोडला. २७ जानेवारी १९४४ पर्यंत, म्हणजे ८७२ दिवस, शहर वेढ्यात राहिले. पहिल्याच हिवाळ्यात, २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर या काळात, कारकुनास, म्हाताऱ्यास व लहान मुलास दिवसास १२५ ग्रॅम पाव मिळे. आपल्या तीन पोळ्यांचे वजन साधारण तेवढे भरते. फरक इतकाच की त्या पावात धान्याबरोबर पेंड आणि लाकडाचा लगदाही मिसळलेला असे. वेढ्यात मेलेल्या नागरिकांची संख्या इतिहासकार सहा लाखांपासून दहा लाखांच्या वरपर्यंत निरनिराळी देतात. त्यांतील बहुतेक तोफांच्या माऱ्याने नव्हे, भुकेने मेले.

हे सारे कोठे दूर जाऊन शोधावे लागते असेही नाही. सेंट आयझॅक चौकात प्रत्येक सहल उतरते, आणि सोनेरी घुमटाखाली छायाचित्र घेऊन निघून जाते. त्याच चौकात एक वनस्पतिसंशोधनसंस्था उभी आहे. निकोलाय वाविलोव या शास्त्रज्ञाने देशोदेशींहून जमविलेली बियाणी तेथे ठेवलेली होती. वाविलोव यास त्याच्याच सरकारने १९४० मध्ये अटक केली आणि जानेवारी १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात तो मरण पावला. इकडे वेढ्यातील संस्थेत त्याचे सहकारी तांदूळ, गहू व शेंगदाणे यांच्या साठ्यावर पहारा करीत उपासमारीने एकामागून एक मेले. भाताचा तज्ज्ञ दिमित्री इवानोव हा त्यांपैकीच एक. बियाणे कोणी खाल्ले नाही. दुष्काळातही बियाण्याच्या कणगीस हात लावायचा नसतो हे जाणणाऱ्या घरांतून आपल्यापैकी कितीकांचे आजे आले आहेत. त्या आज्यांस या चौकात कोणती बाजू पाहावी हे सांगावे लागले नसते.

यावर उत्तर ठरलेले आहे. “सुटी ही मन रमविण्यासाठी असते; पैसे खर्चून स्मशाने का पाहावी?” या म्हणण्यात प्रामाणिकपणा असता तर आम्ही गप्प बसलो असतो. पण हेच लोक रायगडावर समाधीपुढे उभे राहून मुलांना इतिहास सांगतात आणि त्याने त्यांच्या सुटीचा रसभंग होत नाही. तेव्हा स्मशानाचा त्यांना तिटकारा आहे हे खरे नव्हे. परक्याच्या दुःखात लक्ष घालण्याची तसदी नको, हे खरे. अर्थात हा इतिहास झाकण्याचा पहिला मान सहल भरविणाऱ्यांचा नव्हे. वेढ्याचे संग्रहालय १९४६ साली लोकांनी स्वतःच्या घरातील वस्तू देऊन उभे केले होते. स्टालिनच्या राजवटीने ते १९४९ मध्ये बंद केले व १९५३ मध्ये पार मोडून टाकले. ते पुन्हा उघडले १९८९ मध्ये.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर स्वारी केली. अशा देशात हौसेने जावेच का? ज्यांची सदसद्विवेकबुद्धी नको म्हणते त्यांच्याशी आम्ही वाद घालणार नाही. परंतु जे जाणारच आहेत, त्यांनी केवळ कारंजी पाहून येणे हे आम्हांस अधिक लाजिरवाणे वाटते. लेनिनग्राडच्या थडग्यांवर आज राज्यकर्ते आपली भाषणे उभी करतात हे उघड आहे. पण अन्न, वीज आणि ऊब तोडून एखादे शहर मारणे म्हणजे काय, हे ज्याने तेथे समजून घेतले, त्यास मारियुपोलचे नाव आठवल्यावाचून राहणार नाही. आणि ती आठवण कोणत्याही राज्यकर्त्यास सोयीची नाही.

महाराष्ट्रीय वाचकास तर या शहराशी आणखीही एक नाते आहे. संस्कृत शिकलेल्या आपल्या जुन्या पिढीस पीटर्सबर्ग हे नाव माहीत होते ते बहुधा कोशामुळे. बोएटलिंक व रोथ यांचा संस्कृत-जर्मन महाकोश तेथील विज्ञान अकादमीने १८५५ ते १८७५ या काळात सात खंडांत छापला. अकादमीची स्तंभयुक्त वास्तू नेवा नदीच्या काठी वासिल्येव्स्की बेटावर अजून उभी आहे. धर्मकीर्तीचे तर्कशास्त्र युरोपास समजावून देणारे श्चेरबात्स्की याच शहरातले. आणि गोव्याचे आपले धर्मानंद कोसंबी १९२९ साली येथेच पाली शिकवीत होते. पत्रकवाल्यांस हे ठाऊक नसेल तर नवल नाही. मराठी शाळा-कॉलेजांतून पदव्या घेतलेल्या प्रवाशांसही ते ठाऊक नसावे, याचे मात्र वाईट वाटते.

टीका केली तर पर्यायही दिला पाहिजे. मॉस्कोहून जलद आगगाडीने चार तासांच्या आसपास पीटर्सबर्ग गाठता येते. भारतीयांस १ ऑगस्ट २०२३ पासून घरबसल्या व्हिसा काढण्याची सोय झाली. व्हिसा व मास्टरकार्ड या कंपन्यांनी मार्च २०२२ मध्ये रशियातील व्यवहार थांबविले, म्हणून रोख पैसे जवळ असावेत. उतरण्यास व्लादिमिर्स्काया स्थानकाचा परिसर सोयीचा. पीटरहॉफ व त्सारस्कोये सेलो ही दोन्ही नावे खुशाल खोडावी. जाण्यायेण्यातच एक दिवस वाचतो. पहिल्या दिवशी नेव्स्की रस्त्याने नदीपर्यंत पायी जावे. घर क्रमांक १४ च्या भिंतीवर निळी पाटी आहे: तोफांच्या माऱ्यात रस्त्याची ही बाजू अधिक धोक्याची, असा इशारा तीवर आहे. तेथून आयझॅक चौक, मग पूल ओलांडून अकादमी.

दुसऱ्या दिवशी हर्मिटेज पाहावे (सोमवारी ते बंद असते), पण तीस लाख वस्तूंचा हव्यास न धरता चार-पाच दालनेच. रेम्ब्रांटच्या ‘उधळ्या पुत्रा’पुढे थोडे बसावे. १९४१ च्या जुलैत या वास्तूतील दहा लाखांहून अधिक वस्तू आगगाडीने उरल पर्वताकडे हलविल्या तेव्हा चौकटी भिंतींवर तशाच राहिल्या होत्या, आणि त्या रिकाम्या चौकटींपुढे उभे राहून वाटाड्याने सैनिकांस चित्रांची वर्णने सांगितली होती. दुपारी सोल्यानोय गल्लीतील वेढ्याचे संग्रहालय. संध्याकाळी फिलहार्मोनियाच्या दालनात संगीत असेल तर तिकीट काढावे. शोस्टाकोविचची सातवी सिम्फनी ९ ऑगस्ट १९४२ रोजी अर्धपोटी वादकांनी तेथेच वाजविली.

तिसऱ्या दिवशी सकाळी भुयारी रेल्वेने ‘प्लोश्चाद मुझेस्त्वा’ येथे उतरून बसने पिस्कार्योव्स्कोये दफनभूमीस जावे. १८६ सामुदायिक थडगी आहेत. चार लाखांहून अधिक नागरिक व सुमारे सत्तर हजार सैनिक तेथे आहेत. दगडांवर नावे नाहीत, फक्त साल कोरलेले आहे. काही माणसे पावाचा तुकडा ठेवून जातात. मुलांना न्यावे; दहा वर्षांच्या मुलास समजणार नाही असे तेथे काहीच नाही. परतताना कुझ्नेच्नी गल्लीत डोस्टोएव्हस्कीचे शेवटचे बिऱ्हाड पाहता येते. ‘करामाझोव बंधू’ त्याने तेथेच लिहिली व १८८१ मध्ये तेथेच देह ठेवला. शेजारीच मंडई आहे. तेथे मध, काकडीची लोणची व ताजे चीज मिळते, त्यामुळे शाकाहारी माणसाचीही पंचाईत होत नाही.