चाळणीची कीर्ती

फ्रँक मकोर्ट यांचे 'टीचर मॅन' (२००५) हे पुस्तक एका शिक्षकाच्या आठवणी म्हणून वाचले जाते, आणि ते रास्तच आहे. परंतु त्याकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते. एकाच महानगराच्या, एकाच प्रशासनाखालच्या निरनिराळ्या सरकारी शाळा एकाच माणसाने आतून पाहिल्याची ती साक्ष आहे. मकोर्ट १९५८ मध्ये न्यू यॉर्कच्या स्टेटन आयलंड भागातील मकी या व्यावसायिक शाळेत रुजू झाले. गवंडी, सुतार, मेकॅनिक, केशरचनाकार होऊ घातलेली मुलेमुली तिथे शिकत. पुढे लोअर ईस्ट साइडमधील सीवर्ड पार्कसारख्या शाळांतून फिरत ते स्टायव्हसंट हायस्कूलमध्ये आले आणि १९८७ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. स्टायव्हसंट म्हणजे प्रवेशपरीक्षेतून निवडलेल्या मुलांची, साऱ्या शहरात दबदबा असलेली शाळा. शिक्षक तोच, शहर तेच, पगार देणारे खातेही तेच. बदलली ती फक्त शाळा. शाळांची तुलना करू पाहणाऱ्याला याहून सोयीचे उदाहरण क्वचितच मिळेल.

मकीमधील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. मुलांनी आणलेल्या, पालकांच्या नावाच्या गैरहजेरीच्या चिठ्ठ्या मुलांनीच लिहिलेल्या आहेत, हे मकोर्ट यांच्या ध्यानात आले. निबंध म्हटला की ज्यांची लेखणी अडत असे, तीच मुले या खोट्या चिठ्ठ्यांतून कल्पनाशक्तीची कमाल करीत होती. तेव्हा त्यांनी वर्गाला उघडपणेच काम दिले : आदमने देवाला लिहिलेली माफीची चिठ्ठी लिहा, ईव्हने लिहिलेली लिहा. मुले खाली मान घालून लिहू लागली. बऱ्याच वर्षांनी स्टायव्हसंटमध्ये याच माणसाने मुलांना पाककृतींची पुस्तके आणायला सांगून त्या कवितेसारख्या मोठ्याने वाचून घेतल्या. दोन्ही प्रयोगांमागचे तत्त्व एकच आहे : भाषा जिथे आधीपासून जिवंत आहे, तिथून तिला वर्गात आणायचे. फरक इतकाच, की स्टायव्हसंटमध्ये या उपक्रमाला 'सर्जनशील लेखन' हे नाव आणि अभ्यासक्रमात स्वतंत्र जागा होती. मकीमध्ये ती जागा शिक्षकाला चोरून मिळवावी लागली.

माझे म्हणणे या फरकाशी निगडित आहे. शाळांची तुलना करताना आपण बहुधा मुलांच्या गुणांची तुलना करतो आणि ती शाळेच्या गुणांची आहे, असे समजतो. वास्तविक दोन शाळांमधला सर्वांत महत्त्वाचा फरक तिथे काय शिकवण्याची मुभा आहे, आणि समोरच्या मुलाकडून काय अपेक्षिले जाते, यात असतो. तो कोणत्याही गुणपत्रिकेत उतरत नाही.

न्यू यॉर्कची व्यवस्था या गोष्टीचा विचार करायला भाग पाडते. तिथे नववी ते बारावीच्या सार्वजनिक शाळा ४०० हून अधिक आहेत. आठवीतला विद्यार्थी आपल्या पसंतीच्या शाळांची यादी क्रमाने भरतो. मुलांची पसंती आणि शाळांचे निकष यांचा मेळ घालणारी पद्धत २००३-०४ च्या सुमारास ज्या अर्थतज्ज्ञांनी आखली, त्यांतील अॅल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये नोबेल मिळाले. स्टायव्हसंट, ब्राँक्स सायन्स, ब्रुकलिन टेक यांसारख्या आठ विशेष शाळांचे प्रवेश मात्र केवळ एका लेखी परीक्षेवर होतात. त्यांपैकी या तीन जुन्या शाळांच्या बाबतीत तर १९७१ च्या राज्य कायद्यानेच तसे बंधन घातले. साहजिकच प्रत्येक घरात तुलना चालते. नगरप्रशासनानेही २००७ पासून प्रत्येक शाळेला 'ए' ते 'एफ' अशी अक्षरश्रेणी देणारी प्रगतिपुस्तके काढली. त्यांत मुलांची वर्षभरातील प्रगती मोजण्याचा आणि साधारण सारख्या मुलांच्या शाळा एकमेकींशी ताडून पाहण्याचा प्रयत्न होता, हे मान्य केले पाहिजे. पण लोकांच्या लक्षात राहिले ते अक्षर. अक्षरश्रेणीची ही पद्धत २०१४ मध्ये सोडून देण्यात आली.

आता दोन संशोधने शेजारी ठेवून पाहू. पहिले अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक यांचे, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले. बॉस्टन आणि न्यू यॉर्कच्या परीक्षाधिष्ठित शाळांच्या कट-ऑफच्या थोडे वर असलेली, म्हणून प्रवेश मिळालेली मुले, आणि थोडे खाली असलेली, म्हणून बाहेर राहिलेली मुले यांची त्यांनी तुलना केली. एकदोन गुणांनी वेगळी झालेली ही मुले मुळात सारखीच. पुढील परीक्षांतील त्यांच्या गुणांत फारसा फरक आढळला नाही. संशोधकांनी निबंधाच्या शीर्षकातच 'भ्रम' हा शब्द वापरला आहे. दुसरे संशोधन एमडीआरसी या संस्थेचे. महापौर ब्लूमबर्ग यांच्या काळात (२००२-२०१३) अनेक मोठ्या शाळा बंद करून इयत्तेगणिक सुमारे १०० मुलांच्या छोट्या शाळा काढण्यात आल्या. त्या गुणवत्तेनुसार निवड करणाऱ्या नव्हत्या. जिथे अर्ज जागांपेक्षा जास्त आले, तिथे जणू सोडतच निघाली. सोडतीत नाव लागलेली मुले न लागलेल्यांपेक्षा लक्षणीय प्रमाणात अधिक शालान्त उत्तीर्ण झाली.

म्हणजे जिची कीर्ती जगभर आहे, त्या शाळेचा स्वतःचा परिणाम हाती लागत नाही. आणि जिचे नाव शेजारच्या गल्लीतही कोणाला ठाऊक नाही, त्या शाळेचा परिणाम मोजता येतो. पीठ बारीक निघाले म्हणून आपण जात्याचे कौतुक करतो, आणि मध्ये चाळणी होती हे विसरतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. परीक्षेच्या बाजूने बोलणारे म्हणतात, की ओळखपाळख नसलेल्या, इंग्रजी तुटकी बोलणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांना परीक्षा हेच एक दार आहे. तिथे शिफारसपत्र लागत नाही, मुलाखतीतला सफाईदारपणा लागत नाही. या शाळांत कमी उत्पन्नाच्या घरांतून आलेली आशियाई मुले मोठ्या संख्येने आहेत, हे सत्य आहे. परंतु त्याच परीक्षेतून २०१९ मध्ये स्टायव्हसंटच्या ८९५ जागांपैकी अवघ्या ७ जागा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना देऊ करण्यात आल्या, हेही सत्यच. परीक्षा रद्द करण्याचा महापौर डी ब्लासिओ यांचा २०१८ चा प्रस्ताव संमत झाला नाही. माझ्या मते दोन्ही बाजू ज्या जागांसाठी भांडतात, त्या जागा थोड्याच का, हा प्रश्न दोघांच्याही वादात मागे पडतो. स्टायव्हसंटचे दार कोणासाठी उघडावे, यावर जितकी शाई खर्च होते, तितकी मकीच्या वर्गात काय चालावे यावर होत नाही.

आपण साहित्याचे लोक या मोहापासून मुक्त आहोत, असेही नाही. ब्राँक्स सायन्सचे लोक माजी विद्यार्थ्यांतील पदार्थविज्ञानाचे सात नोबेल मानकरी मोजतात. आपण लेखक मोजतो. जेम्स बाल्डविन हे डीविट क्लिंटन हायस्कूलचे, असे अभिमानाने सांगतो. पण एका बाल्डविनवरून शाळा थोर ठरवणे, हे एका कट-ऑफवरून ठरवण्याइतकेच चूक. सांगण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. हार्लेमच्या गरीब घरातून आलेल्या त्या मुलाला तिथे 'मॅग्पाय' नावाचे शाळेचे नियतकालिक मिळाले. त्याच्या संपादनात सोबतीला पुढे छायाचित्रकार म्हणून गाजलेला रिचर्ड अॅव्हेडन होता. मुलांच्या लेखनाला छापील पान देणारी, ते लेखन गंभीरपणे घेणारी एक सोय त्या शाळेत होती. तुलना करायचीच, तर अशा सोयींची करावी. किती शाळांत असे पान आहे? किती शाळांत शिक्षकाला मुलाचे लिहिलेले सावकाश वाचायला वेळ आहे? न्यू यॉर्कच्या शिक्षकाला दिवसाला पाच वर्ग आणि करारानुसार वर्गात ३४ पर्यंत मुले, म्हणजे १७० वह्या. राज्याने २०२२ मध्ये कायदा करून ही वर्गसंख्या टप्प्याटप्प्याने २५ वर आणायचे ठरवले. माझ्या लेखी शाळांच्या तुलनेत या आकड्याला अक्षरश्रेणीपेक्षा अधिक अर्थ आहे.

मकोर्ट स्वतः कोणत्याही हायस्कूलमध्ये गेले नव्हते. आयर्लंडमधील लिमरिकमध्ये तेराव्या-चौदाव्या वर्षीच त्यांची शाळा सुटली होती, आणि न्यू यॉर्क विद्यापीठाने त्यांना केवळ त्यांच्या वाचनाच्या भरवशावर घेतले. कोणत्याही चाळणीतून ते खालीच पडले असते. त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, २०१० मध्ये, मॅनहॅटनच्या अपर वेस्ट साइडमध्ये त्यांच्या नावाने एक हायस्कूल सुरू झाले. लेखनावर भर देणारे. बंद करायचे ठरलेल्या एका मोठ्या शाळेच्या इमारतीत ते उघडले, आणि उघडताना त्याने विद्यार्थी निवडून घेतले. त्या शाळेत चांगले शिकवले जात असेल, याविषयी मला शंका नाही. तरीही मकीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून आईची सही गिरवणाऱ्या मुलाला मकोर्ट यांच्या नावाच्या शाळेत जागा मिळाली असती का, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावरही मनातून जात नाही.