आहार आणि आरोग्य : जनुक बदललेला प्राणी आणि आपलें ताट

कार्तिकांत कांहीं घरगुती निमित्तानें आम्हांस चार दिवस जव्हार-मोखाड्याकडे राहण्याचा योग आला. जव्हार हें पूर्वीं मुकणे घराण्याचें संस्थान. १९४८ सालीं तें विलीन झालें, आणि २०१४ च्या १ ऑगस्टपासून हे दोन्ही तालुके नव्या पालघर जिल्ह्यांत मोडतात. नागली-वरई खळ्यावर आली होती, हवेंत गारवा होता, आणि दृष्टि जाईल तिकडे डोंगर. नवख्या प्रवाशानें सहज म्हणावें, येथें कोणास काय उणें असेल! पण ज्यांस १९९२ सालच्या वावर-वांगणीची आठवण आहे, ते असें म्हणणार नाहींत. जव्हार तालुक्यांतील त्या गांवीं त्या वर्षीं कुपोषणानें बालकें दगावलीं आणि सारा महाराष्ट्र हळहळला. पुढें २०१६ सालीं मोखाड्यांतील बालमृत्यूंमुळें तीच वार्ता पुन्हां वर्तमानपत्रांत आली.

दुसऱ्या दिवशीं मोखाडा तालुक्यांतील एका पाड्यावर जाणें झालें. तेथल्या अंगणवाडींत सेविकाताई उकडलेलीं अंडीं सोलीत बसल्या होत्या. डॉ. अब्दुल कलाम यांच्या नांवानें २०१५ सालीं सुरू झालेल्या अमृत आहार योजनेखालीं आदिवासी भागांतील गरोदर व स्तनदा मातांना दिवसांतून एकदां सकस जेवण आणि लहान मुलांना आठवड्यांतून चार वेळां अंडें, न खाणाऱ्यास केळें, अशी व्यवस्था ठरलेली आहे. इतक्यांत एक तरुण आई दीड वर्षाच्या मुलीला कडेवर घेऊन आली. मुलगी वयाच्या मानानें फार हलकी. हातांच्या काड्या, डोळे मोठे. आईनें अंडें हातीं घेतलें, विचारपूस केली आणि परत ठेवलें. त्या आठवड्याचीं अंडीं पाड्यावरच्याच एका घरच्या गिरिराज कोंबड्यांचीं होतीं. पावसाळ्यांत दाभोशाचा धबधबा पाहावयास आलेल्या शहरच्या मंडळींनीं सांगितलें होतें म्हणे, कीं या कोंबड्या प्रयोगशाळेंत सुया टोचून, बीज बदलून केलेल्या असतात. त्यांचें अंडें लेंकरांस बाधतें. सेविकाताई आमच्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, “तुमच्याकडचीं शिकलेलीं माणसें बोललीं, म्हणजे तें खरेंच, असें इकडे धरतात.”

या वाक्यानें आम्ही मनांतून वरमलों. कारण गेल्या गणपतींत आमच्याच घरीं पंगत बसली असतां हेंच बोलणें झालें होतें. थोरल्या काकू म्हणाल्या, जर्सी गाय म्हणजे जनुकें बदललेलें जनावर, तिचें दूध मुलांना नको. आमच्या मेहुण्यांनीं त्यांत ब्रॉयलर कोंबडीची भर घातली. आणि आम्हीं, जे या सदरांत दरमहा आहारावर लिहितों, ते वादाला कंटाळून मान डोलावून मोकळे झालों. या विषयावर वाचकांचीं पत्रेंही येत असतात. म्हणून या खेपेस त्याचाच जरा सविस्तर विचार करूं.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. चांगला नर व चांगली मादी निवडून संतति वाढविणें हें माणूस हजारों वर्षें करीत आला आहे. गिरिराज ही बंगळूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयांत आणि वनराज ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेंत अशाच निवडीनें व संकरानें सिद्ध झालेली जात. गांवठी कोंबडी वर्षास पन्नास-साठ अंडीं घालते; ही त्याच्या दुपटीहून अधिक घालते. ब्रॉयलर पक्षी झपाट्यानें वाढतो तो पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीमुळें व भरपूर खुराकामुळें; त्याला वाढीच्या सुया टोचतात ही निव्वळ कल्पना आहे. मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं उरुळीकांचन येथें स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेनें जर्सी व होल्स्टीन वळूंच्या वीर्यानें गांवठी गाईंचा संकर खेडोपाडीं पोंचविला. याच संस्थेनें जव्हारकडे आंबा-काजूच्या वाड्याही उभ्या केल्या. यांतील एकाही प्राण्याच्या शरीरांत प्रयोगशाळेंत जनुक बसविलेलें नाहीं. संकरित आणि जनुक-परिवर्तित हे शब्द आपण एकाच अर्थानें वापरतों, तेथूनच सारा घोंटाळा सुरू होतो.

मग ज्याचें जनुक खरोखर बदललें असा खाण्याचा प्राणी आहे तरी कोठें? आहे, पण थोडा आणि दूर. कॅनडांतील न्यू फाउंडलंड येथें १९८९ सालीं अटलांटिक सामन माशाच्या अंड्यांत दुसऱ्या जातीच्या सामनचें वाढीचें जनुक बसविण्यांत आलें, आणि तें बारा महिने चालू राहावें म्हणून थंड समुद्रांतील आणखी एका माशाचा जनुक-तुकडा त्यास जोडला. नेहमींचा मासा बाजारायोग्य होण्यास सुमारें तीन वर्षें लागतात. हा दीड वर्षांत होतो. अमेरिकेनें त्यास २०१५ सालीं व कॅनडानें २०१६ सालीं अन्न म्हणून परवानगी दिली आणि २०१७ सालीं तो कॅनडांत विकला गेला. तथापि तें काढणाऱ्या कंपनीस धंदा परवडला नाहीं. २०२४ च्या डिसेंबरांत तिनें मत्स्यपालन बंद केलें. २०२० सालीं अमेरिकेनें एका डुकरास मान्यता दिली. त्याच्या मांसांतील जी विशिष्ट शर्करा कांहीं लोकांस ॲलर्जी करते, ती त्यांतून काढून टाकली आहे. जपानांत २०२१ पासून जनुक-संपादित मासे विकले जातात. आणि २०२५ च्या मे महिन्यांत काश्मीरच्या कृषि विद्यापीठांत जनुक-संपादित मेंढीचें कोंकरूं जन्मास आल्याचें जाहीर झालें. म्हणजे हा प्रश्न आज आपल्या ताटांत नसला, तरी उंबरठ्याकडे येत आहे.

आतां मुख्य मुद्दा : असें मांस, दूध वा अंडें खाल्लें तर बाधेल काय? जनुक खाल्ल्यानें आपलें जनुक बदलतें, ही भीति आधीं टाकून द्यावी. भाकरीच्या, भाजीच्या, दुधाच्या प्रत्येक घांसाबरोबर आपण कोट्यवधि जनुकें गिळीत असतों. तीं पोटांत पचून जातात. वाढीच्या संप्रेरकाचेंही तसेंच. घरांत कोणी मधुमेही असेल त्यास हें ठाऊक आहे, कीं इन्शुलीन टोंचून घ्यावें लागतें, गिळून चालत नाहीं, कारण तें प्रथिन आहे आणि पोटांत तें डाळीच्या प्रथिनासारखेंच पचतें. माशाच्या संप्रेरकाची गत याहून निराळी व्हावयाची नाहीं. शिवाय हें इन्शुलीन १९८२ पासून जनुक बदललेल्या सूक्ष्मजंतूंकडूनच करून घेतलें जातें, आणि लक्षावधि रोगी त्यावर जगतात.

खरी काळजी घ्यावयाची ती दुसरीकडे. नव्या जनुकामुळें जें नवें प्रथिन तयार होतें, त्याची कोणास ॲलर्जी होईल काय? पोषणद्रव्यें घटलीं काय? जें करावयाचें नव्हतें तें कांहीं घडलें काय? अन्नाचे आंतरराष्ट्रीय नियम ठरविणाऱ्या कोडेक्स मंडळानें जनुक-परिवर्तित प्राण्यांच्या अन्नाची तपासणी कशी करावी याची पद्धति २००८ सालीं घालून दिली, ती याच प्रश्नांवर उभी आहे. अशा तपासणीचा उपयोग होतो काय? होतो. सोयाबीन अधिक पौष्टिक करण्यासाठीं एका कंपनीनें त्यांत ब्राझील-नट या कठीण कवचाच्या फळाचें जनुक घातलें. पण त्या फळाची ज्यांना ॲलर्जी त्यांना हें सोयाबीनही बाधेल, असें चांचणींत दिसलें. १९९६ सालीं तें प्रसिद्ध झालें, आणि तें बियाणें बाजारांत आलेंच नाहीं.

पण म्हणून शास्त्रज्ञांच्या शब्दावर डोळे मिटून विसंबावें, असेंही आमचें सांगणें नाहीं. अमेरिकेंत शिंगें न येणारा एक वळू जनुक-संपादनानें काढला होता. काम अगदीं बिनचूक झालें आहे, असें करणाऱ्यांनीं सांगितलें. २०१९ सालीं सरकारी शास्त्रज्ञांनीं पुन्हां तपासलें तेव्हां जंतूंकडील जनुकांचे तुकडे, प्रतिजैविकास दाद न देणाऱ्या जनुकासह, त्यांत राहून गेलेले सांपडले. वर सांगितलेल्या माशाबाबतही २०२० सालीं अमेरिकन न्यायालयानें म्हटलें, कीं तो निसटून नदी-समुद्रांत गेल्यास तेथल्या जीवांचें काय होईल याचा सरकारनें पुरेसा विचार केला नाहीं. म्हणून करणाऱ्यानेंच स्वतःच्या कामास प्रमाणपत्र द्यावें हें बरें नव्हे. तपासणारा निराळा असावा, आणि एका प्राण्याचा निकाल दुसऱ्यास लावूं नये.

आपल्या देशांत कायदा काय म्हणतो? पर्यावरण-रक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांप्रमाणें व २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें परवानगीवांचून असें अन्न विकतां येत नाहीं, आणि खाण्यासाठीं म्हणून एकाही जनुक-परिवर्तित प्राण्यास आजवर परवानगी मिळालेली नाहीं. बीटी वांग्याससुद्धां फेब्रुवारी २०१० मध्यें केंद्र सरकारनें थांबविलें. मात्र एक दुवा पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. २००२ सालीं बीटी कापसास परवानगी मिळाली, आणि आज देशांतील बहुतेक कापूस त्याच जातीचा आहे. त्याची सरकी गाई-म्हशींच्या दावणींत पेंड म्हणून जाते व तेल आपल्या कढईंत येतें. गाईच्या दुधांत त्या कापसाचें प्रथिन उतरल्याचें आजवरच्या तपासण्यांत आढळलेलें नाहीं. ज्या गोष्टीची इतकी भीति घेतली, तिच्या शेजारीं आपण वीस वर्षांहून अधिक काळ नांदत आहों.

उलट, ज्याची भीति घ्यावयास हवी त्याकडे आपलें लक्ष नसतें. त्याच पेंडीला ओल लागून बुरशी आली, तर तिचें अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष दुधांत उतरतें आणि उकळल्यानेंही जात नाहीं. अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०१८ सालीं देशभर दुधाचे ६,४३२ नमुने तपासले; त्यांपैकीं ५.७ टक्क्यांत हें विष मर्यादेबाहेर होतें, आणि ज्यांत मुद्दाम घातक भेसळ केली होती असे नमुने अवघे बारा निघाले. दुसरें, कोंबड्यांस व जनावरांस वाटेल तशीं दिलीं जाणारीं प्रतिजैविकें. माणसाच्या शेवटच्या आधाराचें कोलिस्टिन हें औषध जनावरांच्या खाद्यांत घालण्याची चाल इतकी बोकाळली, कीं केंद्र सरकारला २०१९ सालीं त्यावर बंदी घालावी लागली. तेव्हां गवळ्यास “गाय कोणत्या जातीची?” याबरोबरच “पेंड कोरडी ठेवतां ना? औषध चालू असतां दूध वेगळें काढतां ना?” असें विचारणाऱ्या गृहिणी आम्हांस पाहिजेत.

एक प्रश्न उरतो, तो सुरक्षिततेचा नाहीं, निवडीचा आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ घरें शाकाहारी आहेत. एखाद्या धान्यांत वा फळांत उद्यां प्राण्याचें जनुक आलें, तर तें ज्यांस व्रतास वर्ज्य वाटेल त्यांनीं तें न घेण्यास पूर्ण मुखत्यारी आहे. त्यासाठीं वेष्टणावर स्पष्ट लिहिलेलें असलें पाहिजे. जनुक-परिवर्तित अन्नाच्या वेष्टणावर तसा उल्लेख करावा असा नियम १ जानेवारी २०१३ पासून लागूही झाला. तो नीट पाळला जावा यासाठीं आपण अवश्य आग्रह धरावा. पण “मला तें नको” हें एक वाक्य, आणि “तें विष आहे” हें अगदीं दुसरें वाक्य. पहिलें म्हणावयास आपली रुचि व श्रद्धा पुरेशी आहे. दुसरें म्हणावयास पुरावा लागतो. हीं दोन वाक्यें एकमेकांच्या जागीं गेलीं म्हणजे काय होतें, तें आम्हीं त्या पाड्यावर पाहिलें.

आमच्या घरच्या पंगतींत हें बोलणें झालें तेव्हां कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. आमच्या मुलांना अंडें नाहीं तर दूध आहे, दूध नाहीं तर पनीर आहे, डाळ आहे, बदाम आहेत. त्या मुलीच्या ताटांत मात्र अंडें गेलें तर नागलीची भाकरी आणि पातळ आमटीच राहते. एका अंड्यांत सुमारें सहा ग्रॅम उत्तम प्रथिन, शिवाय ‘अ’ व ‘ब-१२’ हीं जीवनसत्त्वें असतात. आपण फेंकलेल्या शब्दाची किंमत तेथें इतकी पडते.

सेविकाताई मोठ्या धोरणी. त्यांनीं आम्हांस बोलूं दिलें नाहीं. कोंबड्यांच्या मालकिणीलाच बोलावून घेतलें. ती आपल्या नातवाला घेऊन आली. कोंबडीचीं पिलें कोठून आणलीं, तीं दिवसभर परसांत काय टिपतात, आणि हा पोरगा सहा महिने तींच अंडीं खातो आहे, हें तिनें आपल्या बोलींत सांगितलें. पोरगा धट्टाकट्टा, पुढ्यांतलें अंडें केव्हांच संपवून दुसऱ्याकडे पाहत होता. तरुण आई कांहीं वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिनें अर्धें अंडें मुलीला भरविलें, आणि अर्धें पदराच्या गांठींत बांधून घेऊन गेली.

तें अर्धें अंडें घरीं मुलीच्या पोटांत गेलें कीं नाहीं, तें आम्हांस कळावयास मार्ग नाहीं. घरीं परतल्यावर मात्र आम्हीं थोरल्या काकूंजवळ ही सर्व हकीकत सांगितली, आणि पंगतींत आपण मान डोलाविली ती चूक झाली, हेंही सांगितलें. काकू थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, “पुढल्या गणपतींत हें तूंच सर्वांना सांग.” तोंवर थांबवेना, म्हणून येथें सांगितलें.