प्रवासाची शिदोरी : चकव्यावर उतारा

रानात वाट चुकलेल्या माणसाला चकवा लागला, असे आपल्याकडे पूर्वापार म्हणत आले आहेत. चालून चालून पाय भरून यावेत आणि तासाभराने आपण पुन्हा त्याच मोहाच्या झाडाखाली उभे आहोत असे ध्यानी यावे, हा अनुभव इतका विलक्षण असतो की त्याचे खापर भुताखेतांच्या माथी फोडले गेले, यात नवल नाही. जर्मन संशोधकांनी काही माणसांना घनदाट अरण्यात व वाळवंटात सरळ चालावयास सांगून त्यांच्या वाटचालीची नोंद केली व २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसे बरीचशी सरळ गेली. तो दिसेनासा होताच ती नकळत वळत वळत आपल्याच वाटेला छेदून गेली. म्हणजे चकवा खरा आहे. मात्र तो झाडावर बसलेला नसून आपल्या आतच असतो.

मोटारीत बसल्याने हा चकवा सुटत नाही. तो अधिक वेगाने लागतो, एवढेच. पायी चुकलेला माणूस तासाभरात चार किलोमीटर दूर जाईल, मोटारीने चुकलेले कुटुंब तेवढ्याच वेळात वीस किलोमीटर दूर जाऊन इंधनही संपवून बसेल. म्हणून यावेळी आपण एका निकडीच्या प्रश्नाचा विचार करू. आडवाटेने मोटार हाकीत जावयाचे, कोठेतरी तंबू ठोकून राहावयाचे, तर वाट दाखविणारे साधन कोणते घ्यावे?

उदाहरणासाठी जबलपूर घेऊ. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून मराठी माणसाचा या शहराशी संबंध आहे, आणि आडवाटेच्या मोटारीशी तर या शहराचे नातेच आहे. येथील वाहन निर्माणीची स्थापना १९६९ साली झाली. आपल्या सेनेच्या सेवेत अनेक वर्षे राबलेली ‘जोंगा’ ही दणकट गाडी याच निर्माणीत तयार होत असे. १९९९ साली तिचे उत्पादन थांबले, तरी जुन्या जोंगा हौशी लोकांनी अजून जिवापाड जपल्या आहेत. शहराबाहेर पडावे तो नर्मदेचे खोरे लागते. भेडाघाटचे संगमरवरी कडे, बरगीचा विस्तीर्ण जलाशय, मंडलाच्या वाटेवरील डोंगर आणि त्यापलीकडे कान्ह्याचे सालवन. तंबू घेऊन निघणाऱ्या कुटुंबाला याहून मोहक प्रदेश कोणता? पण याच प्रदेशात मोबाइलचा संकेत डोंगराआड नाहीसा होतो, एका गाडीवाटेला चार फाटे फुटतात, आणि दिवस मावळल्यावर विचारावयास माणूसही भेटत नाही.

दुकानात गेल्यावर विक्रेता यंत्राचे गुण सांगतो; पडदा किती मोठा, रंग किती स्वच्छ. आपण मात्र एकच प्रश्न विचारावा : हे साधन बंद पडेल तेव्हा माझ्या हाती काय उरेल? आडवाटेवर साधनाचे मोल ते चालू असताना ठरत नाही, ते बंद पडल्यावर ठरते. या एका कसोटीवर आपण तीन साधने पारखून पाहू.

पहिले साधन आपल्या खिशातच आहे. मोबाइलला मनोऱ्याचा संकेत मिळाला नाही तरी त्याला आपले ठिकाण कळते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. ठिकाण कळते ते उपग्रहांमुळे. प्रत्येक उपग्रह अचूक वेळेचा संदेश पाठवीत असतो. तो पोहोचावयास किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढते, आणि किमान चार उपग्रहांची अंतरे जुळली की अक्षांश, रेखांश व उंची निश्चित होते. यासाठी मनोरा लागत नाही. मनोरा लागतो तो पडद्यावरील नकाशा उतरवून घेण्यासाठी. म्हणून संबंध प्रदेशाचा नकाशा निघण्यापूर्वी घरीच मोबाइलमध्ये साठवून घ्यावा, आणि विमानप्रवासात करतात तसा मोबाइल संकेतविरहित करून नकाशा उघडतो की नाही, हे अंगणात पाहून घ्यावे. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या २००४ साली सुरू झालेल्या सार्वजनिक उपक्रमाच्या नकाशांत गाडीवाटा व पाऊलवाटाही पुष्कळदा सापडतात, आणि ते विनामूल्य आहेत.

मोबाइलचे दोष तितकेच उघड आहेत. भर उन्हात पडदा दिसत नाही, वैशाखात काचेमागे ठेवला की तो तापून बंद पडतो, पावसात ओल्या बोटांचे तो ऐकत नाही. शिवाय याच यंत्रावर आपण छायाचित्रे काढतो, मुले खेळतात, आणि संकटकाळी ११२ हा क्रमांकही यावरच फिरवावयाचा असतो. एका बॅटरीवर इतक्यांचा संसार चालावयाचा, तर ती दिवसाअखेर रिकामी होणारच.

दुसरे साधन म्हणजे केवळ दिशादर्शनासाठी बनविलेले हाती धरावयाचे उपग्रहयंत्र. त्याचा पडदा लहान, पण उन्हात स्पष्ट दिसणारा असतो. कळा दाबावयाच्या असतात. त्या हातमोजे घालूनही दाबता येतात. पुष्कळशी यंत्रे साध्या सेलवर चालतात, आणि असे सेल खेड्यातील किराणा दुकानातही मिळू शकतात. बंद पडण्याची कसोटी येथे फार सोपी होते : सेल संपले, दुसरे घातले. ज्यांना वर्षातून पाच-सहा वेळा रानात जावयाचे आहे त्यांनी असे यंत्र अवश्य घ्यावे. वर्षातून एकदा जाणाऱ्याने तो खर्च न करता मोबाइलसाठी वेगळी बॅटरी आणि गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारे भारक घेतले तरी भागते.

यंत्र घेताना ते एकाहून अधिक उपग्रहमालिकांचे संदेश घेते की नाही, हे पाहावे. अमेरिकेच्या जीपीएस मालिकेतील संदेशांत नागरिकांसाठी मुद्दाम ठेवलेली अशुद्धता मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली, तेव्हापासून उघड्या माळावर काही मीटरांपर्यंत अचूकता मिळू लागली. आज रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू या मालिकाही उपलब्ध आहेत. भारताची स्वतःची ‘नाविक’ ही सात उपग्रहांची योजना आहे. तिचा पहिला उपग्रह २०१३ साली गेला. पुढे काही उपग्रहांतील अणुघड्याळे बिघडली, आणि नव्या पिढीचा पहिला उपग्रह मे २०२३ मध्ये सोडण्यात आला. सालवनाच्या दाट छताखाली किंवा भेडाघाटच्या उभ्या कड्यांमध्ये आकाशाची केवळ फीत दिसते. तेथे जितक्या अधिक मालिका ऐकू येतील तितके बरे.

तिसरे साधन सर्वांत जुने : कागदी नकाशा आणि होकायंत्र. त्यांस बॅटरी लागत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची. १८०२ मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ करणारे विल्यम लॅम्बटन हे तीच मोजणी करीत उत्तरेस येताना १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निवर्तले; त्यांची समाधी तेथेच आहे. देशाचे नकाशे अशा मोजणीच्या पायावर उभे राहिले. विभागाच्या खुल्या मालिकेतील १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अर्धा किलोमीटर. समोच्चरेषा दाट दिसल्या तर चढ उभा, विरळ दिसल्या तर माळ, एवढे ओळखू आले तरी मोटार कोठे चढेल व तंबू कोठे ठोकावा याचा निम्मा निवाडा घरबसल्या होतो. हे नकाशे विभागाच्या संकेतस्थळावरून भारतीय नागरिकांना मिळविता येतात.

होकायंत्राविषयी जबलपूरकरांचे भाग्य थोर आहे. पुष्कळ देशांत चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांत मोठा कोन पडतो व तो हिशेबात धरावा लागतो. मध्य भारतात हा कोन एका अंशाहूनही कमी आहे. सामान्य प्रवाशाने तो विसरला तरी चालेल. मात्र होकायंत्र मोटारीच्या पोलादापासून आणि मोबाइल अडकविण्याच्या चुंबकी आकड्यापासून दहा पावले दूर नेऊन मगच वाचावे.

तिन्ही साधने हाती असूनही फसगत होते ती दोन गोष्टींमुळे.

पहिली, नकाशाचे वय. बरगी येथे नर्मदेवर बांधलेल्या धरणाचा जलाशय १९९० च्या सुमारास भरला. जबलपूर, मंडला व सिवनी या जिल्ह्यांतील १६२ गावांना त्याची झळ पोहोचली. त्याआधीच्या मोजणीचा नकाशा घेऊन आज कोणी निघाला, तर नकाशावरील रस्ता त्याला सरळ पाण्याच्या काठी आणून सोडील. नकाशा खोटा नव्हे. तो आपल्या काळाशी प्रामाणिक आहे. म्हणून नकाशा उघडताच त्याच्या कोपऱ्यातील मोजणीचे वर्ष आधी वाचावे. धरणाच्या खालच्या अंगास नदीपात्रातील वाळूवर मुक्काम करू नये, हेही येथेच सांगितलेले बरे. दरवाजे उघडल्यावर वाढणारे पाणी कोणत्याच नकाशावर काढलेले नसते.

दुसरी, आकडे लिहिण्याची रीत. जबलपूरचे स्थान सुमारे २३ अंश १० मिनिटे उत्तर व ७९ अंश ५७ मिनिटे पूर्व. अंशाची साठ मिनिटे होतात, शंभर नव्हे. दशांशात हेच स्थान २३.१७ व ७९.९५ असे होईल. घाईत कोणी २३.१० व ७९.५७ असे यंत्रात भरले, तर तो जबलपूरच्या सुमारे सात किलोमीटर दक्षिणेस आणि जवळजवळ चाळीस किलोमीटर पश्चिमेस जाऊन पोहोचेल, आणि यंत्र त्याला ‘आपण इष्टस्थळी आला आहात’ असे आनंदाने सांगेल! मित्राकडून मुक्कामाचे आकडे घेताना ते कोणत्या रीतीचे आहेत, हे विचारून घ्यावे. फार जुन्या नकाशावरचे आकडे आजच्या यंत्रात जसेच्या तसे भरल्यासही शेदोनशे मीटरांचा फरक पडू शकतो, कारण दोहोंच्या मोजणीचा पाया निरनिराळा आहे.

कायद्याची बाजूही जाणून असावे. परदेशी असणारे आप्त हौसेने उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारे यंत्र किंवा उपग्रह-दूरध्वनी भेट म्हणून आणतात. केवळ ठिकाण दाखविणारे यंत्र वेगळे आणि उपग्रहाकडे संदेश पाठविणारे वेगळे. दुसऱ्या प्रकारचे यंत्र दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून बाळगणे भारतात बेकायदेशीर आहे. अशा यंत्रांपायी परदेशी प्रवाशांना विमानतळावर अडविले गेल्याची उदाहरणे आहेत. त्याचप्रमाणे नकाशावर वाट दिसते म्हणून ती आपल्यासाठी खुली आहे, असे समजू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश नाही, आणि कान्ह्यासारख्या व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यात स्वतःच्या मर्जीने गाडी फिरविता येत नाही. वनभूमीवर तंबू ठोकण्यापूर्वी वनखात्याची संमती घ्यावी.

मग निवड कशी करावी? साठविलेल्या नकाशासह मोबाइल, वेगळी बॅटरी, कागदी नकाशा आणि होकायंत्र, ही प्रत्येक कुटुंबाची किमान शिदोरी. वारंवार जाणाऱ्यांनी त्यांत हाती धरावयाच्या उपग्रहयंत्राची भर घालावी. एक साधन रुसले तर दुसरे बोलते राहावे, आणि दोन्ही साधने एकाच बॅटरीवर अवलंबून नसावीत, हे निवडीचे सूत्र.

साधनांइतकीच शिस्तही हवी. चालविणाऱ्याने नकाशा पाहू नये. ते काम शेजारी बसणाऱ्याचे. होकायंत्र मुलांच्या हाती द्यावे आणि प्रत्येक फाट्यावर ‘आता आपण कोणत्या दिशेस निघालो?’ असे विचारावे. एका सुट्टीत मुले जो भूगोल शिकतील, तो वर्षभर पुस्तकातून शिकणार नाहीत. निघताना मार्ग, मुक्काम व परतण्याची वेळ एका कागदावर लिहून घरी किंवा शेजारी ठेवावी. जेथे मोबाइलचा संकेत नाही तेथे ११२ क्रमांकही लागत नाही. वेळेवर न परतलेल्या कुटुंबाचा शोध अशा वेळी त्या चिठ्ठीवरूनच सुरू होतो. आणि गावातून जाताना गाडी थांबवून वाट विचारण्यात कमीपणा मानू नये. कालच्या पावसात कोणता ओढा फुगला आहे, हे उपग्रहापेक्षा तेथील गुराख्याला अधिक ठाऊक असते.

एवढे करूनही वाट चुकल्याची शंका आली, तर पुढे जाऊ नये. गाडी थांबवावी, पाणी प्यावे, शेवटची खात्रीची खूण कोणती होती ते आठवावे, आणि उजेड असेतो तेथवर परत फिरावे. चकवा लागतो तो चुकलेल्याला नव्हे. चुकलो हे उमजूनही पुढे जात राहणाऱ्याला.